एक्सेलची फाइल विनाकारण जड झाली असेल तर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड आणि चिंचोळी औद्योगिक वसाहतींमधील अनेक चादर-टॉवेल कारखान्यांच्या कचेऱ्यांत सुताची आवक, मागांवरचे उत्पादन, रंगाईला गेलेला माल आणि पार्टीवार येणे यांचा हिशेब आजही एक्सेलच्या एखाद्या फाइलमध्येच ठेवला जातो. अशी फाइल वर्षानुवर्षे चालत राहते, दर एप्रिलमध्ये तिची नवी प्रत काढली जाते, आणि एके दिवशी लक्षात येते की जेमतेम दोन-तीन हजार ओळींची ही फाइल चाळीस एमबीची झाली आहे. ती उघडायला मिनिटे लागतात, सेव्ह करताना संगणक हँग होतो, आणि सीएंच्या कचेरीत ईमेलने पाठवायची म्हटली तर जीमेल 25 एमबीपेक्षा मोठी फाइल जोडपत्र म्हणून घेत नाही. त्यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे जुन्या वर्षांच्या नोंदी काढून टाकणे. हा उपाय बहुधा चुकीच्या जागी केलेला असतो, कारण आकडे आणि मजकूर यांना एक्सेलमध्ये फारच थोडी जागा लागते. तीन हजार ओळी आणि बारा रकाने एवढी साधी माहिती एक एमबीच्या आतच मावते. उरलेला भार कशाचा आहे हे आधी शोधावे आणि मगच कात्री चालवावी, एवढेच या लेखाचे सूत्र आहे.

आधी भार कुठे आहे ते पाहावे

एक्सेल 2007 पासून प्रचारात आलेली एक्सएलएसएक्स प्रकारची फाइल ही प्रत्यक्षात एक झिप फाइल असते. तिच्या आत प्रत्येक शीटसाठी एक्सएमएलची (साध्या मजकुरात माहिती लिहून ठेवणारी) वेगळी फाइल, चित्रांसाठी वेगळा फोल्डर आणि फॉरमॅटिंगसाठी वेगळी फाइल, अशी मांडणी असते. ती दाबून बांधलेल्या गासडीसारखी असल्यामुळे तिला पुन्हा झिप करून आकारात फारसा फरक पडत नाही. मात्र तिच्या याच रचनेचा उपयोग करून भार नेमका कुठे आहे हे काही मिनिटांत पाहता येते.

त्यासाठी मूळ फाइलला हात न लावता तिची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढावी. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू मेनूतून फाइल नेम एक्स्टेन्शन्स हा पर्याय चालू करावा, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतरची अक्षरे दिसू लागतील. त्या अक्षरांच्या जागी इंग्रजीत zip असे लिहावे, संगणक इशारा देईल त्याला होकार द्यावा आणि ती फाइल दुहेरी क्लिक करून उघडावी. फाइलला उघडण्याचा पासवर्ड लावलेला असेल तर ती अशा रीतीने उघडणार नाही. प्रतीवरचा पासवर्ड आधी काढून घ्यावा लागेल. आत एक्सएल नावाचा फोल्डर दिसतो, आणि आपल्याला पाहायचे ते सारे त्याच्या आत असते.

या फोल्डरमध्ये डिटेल्स व्ह्यू ठेवला की प्रत्येक फाइलचे दोन आकार दिसतात, एक दाबलेला आणि एक मूळ. दोन्ही पाहणे महत्त्वाचे आहे. रिकाम्या सेलच्या एकसारख्या नोंदी उत्तम दाबल्या जात असल्यामुळे एखादी शीट दाबलेल्या रूपात काही एमबीचीच दिसते, पण उघडताना ती कित्येक पटींनी फुगते, आणि फाइलच्या आकाराच्या मानाने ती उघडायला इतका वेळ का लागतो याचे उत्तर तिथेच मिळते. वर्कशीट्स फोल्डरमधील एखादी शीट इतरांपेक्षा अवाढव्य असेल तर दोष रिकाम्या सेलच्या फॉरमॅटिंगचा किंवा फॉर्म्युल्यांचा आहे; मीडिया फोल्डर मोठा असेल तर चित्रांचा; पिव्होटकॅश मोठा असेल तर पिव्होट टेबलचा, म्हणजे मोठ्या माहितीचा सारांश काढणाऱ्या तक्त्याचा; ड्रॉइंग्ज मोठा असेल तर न दिसणाऱ्या वस्तूंचा; स्टाइल्स नावाची फाइल काही एमबीची असेल तर साचलेल्या स्टाइल्सचा, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या फॉरमॅटिंगच्या संचांचा; आणि एक्सटर्नललिंक्स मोठा असेल तर दुसऱ्या फाइलींशी जोडलेल्या दुव्यांचा. येथे दिसणाऱ्या शीटची संख्या आणि खालच्या टॅबची संख्या जुळत नसेल तर काही शीट लपवलेल्या आहेत असे समजावे आणि कोणत्याही टॅबवर उजवी क्लिक करून अनहाइडने त्या बाहेर काढाव्यात. मागच्या लेखनिकाने लपवून ठेवलेली 'जुना स्टॉक' नावाची शीट अशा वेळी हमखास सापडते. पाहणी झाली की ही झिप प्रत काढून टाकावी. तिच्या आत काही बदल करण्याच्या भानगडीत पडू नये.

रिकाम्या दिसणाऱ्या, पण रिकाम्या नसलेल्या ओळी

हे कारण सर्वांत जास्त आढळते, म्हणून त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. एक्सेलच्या एका शीटमध्ये 10,48,576 ओळी आणि 16,384 रकाने असतात. न वापरलेल्या सेलची नोंद फाइलमध्ये होत नाही. पण एखाद्या रिकाम्या सेलला बॉर्डर, रंग किंवा वेगळा फॉन्ट दिला की त्या सेलची पत्त्यासह स्वतंत्र नोंद ठेवली जाऊ शकते. समजा, सुताच्या आवक रजिस्टरमध्ये बारा रकाने आहेत आणि 'खाली आणखी नोंदी येतीलच' म्हणून कोणी कंट्रोल, शिफ्ट आणि खालचा बाण दाबून शेवटच्या ओळीपर्यंत बॉर्डर ओढली. तर सुमारे 1 कोटी 25 लाख रिकाम्या सेलच्या नोंदी त्या एका कृतीने फाइलमध्ये शिरतात, आणि छपाईत किंवा पडद्यावर त्यांचा काडीचाही उपयोग नसतो.

हे तपासण्यासाठी प्रत्येक शीटवर कंट्रोल आणि एंड ही बटणे एकत्र दाबावीत. कर्सर जिथे जाऊन थांबतो ती जागा एक्सेलच्या मते शीटचा शेवटचा वापरलेला कोपरा असते. आपली शेवटची नोंद 2,300 व्या ओळीत असताना कर्सर दहा लाखाच्या पुढे पोहोचला, किंवा एल या बाराव्या रकान्यावर थांबण्याऐवजी एक्सएफडी या अगदी शेवटच्या रकान्यावर गेला, तर दोष सापडला.

दुरुस्तीपूर्वी शीटवरचे फिल्टर उठवावेत आणि लपवलेल्या ओळी व रकाने उघडून पाहावेत, कारण एखाद्याने दरांचा तक्ता खूप खाली किंवा खूप उजवीकडे नेऊन लपवून ठेवलेला असण्याची शक्यता असते. त्यानंतर शेवटच्या नोंदीच्या खालच्या ओळीच्या क्रमांकावर, म्हणजे वरील उदाहरणात 2,301 वर, क्लिक करावे. कंट्रोल, शिफ्ट आणि खालचा बाण दाबून तिथून शेवटपर्यंतच्या सर्व ओळी निवडाव्यात. आणि निवडलेल्या भागावर उजवी क्लिक करून मेनूतील डिलीट हा पर्याय घ्यावा. येथे एक फरक नीट लक्षात ठेवला पाहिजे: कीबोर्डवरचे डिलीट बटण सेलमधला मजकूर पुसते, त्याची बॉर्डर आणि रंग मात्र तसेच राहतात, त्यामुळे त्या बटणाने फाइल हलकी होत नाही. उजवीकडच्या रिकाम्या रकान्यांसाठीही हीच कृती उजवा बाण वापरून करावी. मग फाइल सेव्ह करावी, गरज वाटल्यास बंद करून पुन्हा उघडावी आणि कंट्रोल-एंड पुन्हा तपासावे. वापरलेल्या भागाची हद्द सेव्ह केल्याशिवाय अनेकदा बदललेली दिसत नाही.

दुसऱ्या शीटवरचे फॉर्म्युले या रिकाम्या ओळींकडे बोट दाखवत असतील, तर ओळी काढल्यावर तिथे रेफ (#REF!) ही चूक, म्हणजे फॉर्म्युल्याला हवा असलेला सेलच उरला नसल्याची खूण, उमटू शकते. तशी शंका असल्यास ओळी डिलीट न करता होम टॅबमधील क्लिअर या यादीतून क्लिअर ऑल वापरावे. त्याने ओळी जागेवर राहतात आणि मजकूर व फॉरमॅटिंग दोन्ही जातात. लाखो ओळी एकदम निवडल्यावर मेमरी पुरत नसल्याचा संदेश आला तर हेच काम दोन-दोन लाख ओळींच्या टप्प्यांत करावे. काही ऑफिस आवृत्त्यांत इन्क्वायर नावाचे अॅड-इन असते आणि त्यात जादा फॉरमॅटिंग साफ करण्याची सोय आहे. नव्या मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये रिव्ह्यू टॅबवर चेक परफॉर्मन्स हा पर्यायही मिळतो. तो असल्यास अवश्य वापरावा, पण त्याच्या भरवशावर प्रत न काढता मूळ फाइलवर प्रयोग करू नये.

याच वर्गात कंडिशनल फॉरमॅटिंग येते. 'साठ दिवसांवरची उधारी लाल दिसावी' असा एकच नियम केलेला असतो, पण ओळी कापून-चिकटवून तो नियम तुकड्यातुकड्यांत विभागला जातो आणि मॅनेज रूल्समध्ये धिस वर्कशीट निवडून पाहिले तर त्याच नियमाच्या शेकडो प्रती दिसतात. त्या एकेक पुसत बसण्यापेक्षा क्लिअर रूल्समधून पूर्ण शीटचे नियम काढून टाकावेत आणि हवा तो नियम हव्या त्या पट्ट्यावर एकदाच नव्याने लावावा.

डिझाइनचे फोटो

चादरीच्या जेकार्ड डिझाइनची किंवा गणवेशाच्या नमुन्यांची यादी करताना प्रत्येक ओळीत फोटो लावण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे, आणि पार्टीला दाखवायला ती सोयीचीही आहे. पण मोबाइलने काढलेला एकेक फोटो कित्येक एमबीचा असतो आणि कोपरा धरून तो टपाल तिकिटाएवढा केला तरी मूळ फोटो पूर्ण आकारातच फाइलमध्ये राहतो. कडा क्रॉप केल्या तरी कापलेला भाग आत तसाच असतो.

म्हणून फोटो हव्या त्या मापाचे करून झाल्यावर त्यातील एक निवडावा, पिक्चर फॉरमॅट टॅबवरील कम्प्रेस पिक्चर्स उघडावे, फक्त याच चित्राला लागू करण्याची खूण काढून टाकावी, कापलेला भाग पुसण्याची खूण ठेवावी आणि रिझोल्यूशन निवडावे. पडद्यावर पाहण्यासाठी व ईमेलसाठी 96 पीपीआय (दर इंचातील चित्रबिंदू) आणि वेबसाठी 150 पीपीआय पुरते. छापील कॅटलॉगसाठी 220 पीपीआय ठेवावे. लहान केल्यावर कम्प्रेस करणे हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण रिझोल्यूशन चित्राच्या दिसणाऱ्या मापावर मोजले जाते. फरक पडला नाही तर ऑप्शन्समधील अॅडव्हान्स्ड विभागात इमेज साइज अँड क्वालिटी या शीर्षकाखाली चित्रे कम्प्रेस न करण्याची खूण आधीपासून लावलेली आहे का ते पाहावे. एकदा कम्प्रेस करून सेव्ह केलेल्या फोटोची मूळ स्पष्टता परत मिळत नाही. धाग्याची वीण किंवा रंगाची छटा ज्यावरून ठरवायची ते मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये सांभाळावेत. डिझाइन शंभराच्या पुढे गेली असतील तर माझ्या मते फोटो एक्सेलमध्ये ठेवूच नयेत. डिझाइन क्रमांकावर फोल्डरमधल्या फोटोची हायपरलिंक द्यावी.

याखेरीज काही चित्रे डोळ्यांना दिसतच नाहीत. बँकेच्या किंवा एखाद्या पोर्टलच्या पानावरून तक्ता उचलून थेट शीटमध्ये चिकटवला की त्यासोबत छोटे लोगो, चौकटी आणि पारदर्शक चित्रे येतात. पुढे त्या ओळी कॉपी झाल्या की त्यांच्याही प्रती एकावर एक बसतात. एफ 5 दाबून स्पेशल आणि मग ऑब्जेक्ट्स निवडले की शीटवरच्या अशा सर्व वस्तू एकदम निवडल्या जातात आणि डिलीट बटणाने निघतात. मात्र त्यात आपले आलेख आणि बटणेही असतात, म्हणून आधी ऑल्ट आणि एफ 10 दाबून सिलेक्शन पेनमध्ये नावांची यादी वाचून घ्यावी. पुढे असे तक्ते चिकटवताना पेस्ट स्पेशलमधून फक्त मजकूर घेतला तर हा उपद्रव मुळातच टळतो.

पिव्होट टेबलमधली दुसरी प्रत

पिव्होट टेबल तयार करताना एक्सेल मूळ माहितीची एक प्रत कॅश म्हणून फाइलमध्ये साठवते. मूळ शीट त्याच फाइलमध्ये असेल तर एकच माहिती दोनदा साठते. पिव्होटवर उजवी क्लिक करून पिव्होटटेबल ऑप्शन्स उघडावेत, डेटा या टॅबवर मूळ माहिती फाइलसोबत सेव्ह करण्याची खूण काढावी आणि फाइल उघडताना रिफ्रेश करण्याची खूण लावावी. मोठ्या रजिस्टरवर याचा परिणाम लगेच दिसतो. मूळ शीट मात्र फाइलमध्ये किंवा तिच्या ठरलेल्या जागी असली पाहिजे, नाहीतर रिफ्रेश करायला काहीच उरणार नाही.

या कॅशचा आकाराशी संबंध नसलेला, पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने अधिक गंभीर असा एक भाग आहे. पार्टीवार विक्रीचा सारांश पाठवताना पुष्कळ जण मूळ शीट काढून फक्त पिव्होट ठेवतात आणि माहिती झाकली गेली असे मानतात. प्रत्यक्षात कॅश सोबत गेलेली असते आणि समोरच्याने एकूण बेरजेच्या सेलवर दुहेरी क्लिक केले की सगळ्या पार्ट्यांचे दर आणि डझनांचे आकडे नव्या शीटवर उघडे होतात. बाहेर पाठवायचा सारांश कोऱ्या फाइलमध्ये पेस्ट स्पेशलमधील व्हॅल्यूज वापरून उतरवावा. तो हलकाही होतो.

फॉर्म्युले, दुवे आणि साचलेली नावे

फॉर्म्युला असलेल्या प्रत्येक सेलसाठी फाइलमध्ये फॉर्म्युला आणि त्याचे उत्तर अशा दोन्ही गोष्टी साठतात. बंद झालेल्या महिन्यांचे दर व्हीलुकअपने, म्हणजे दुसऱ्या तक्त्यातून किंमत शोधून आणणाऱ्या फॉर्म्युल्याने, पुन्हापुन्हा शोधत ठेवण्याची गरज नसते, किंबहुना दराचा तक्ता बदलला की जुन्या बिलांची रक्कम बदलण्याचा धोकाच असतो. म्हणून हिशेब मिटलेल्या महिन्यांचा पट्टा कॉपी करून त्याच जागी व्हॅल्यूज म्हणून चिकटवावा. चालू महिन्याचे फॉर्म्युले तसेच राहू द्यावेत.

दुसऱ्या फाइलीतून आकडे ओढणारे दुवे डेटा टॅबवरील एडिट लिंक्समध्ये दिसतात. त्या फाइलींमधील वापरलेल्या सेलच्या किमतीही आपल्या फाइलमध्ये साठवल्या जातात. नको असलेला दुवा ब्रेक लिंकने तोडावा, त्याच्या जागी शेवटची किंमत कायम राहते. कंट्रोल आणि एफ 3 दाबल्यावर उघडणाऱ्या नेम मॅनेजरमध्ये, म्हणजे सेलच्या पट्ट्यांना दिलेल्या नावांच्या यादीत, रेफ दाखवणारी नावे असतील तर ती खुशाल काढावीत. शीट एका फाइलमधून दुसरीत हलवत राहिल्याने अशी नावे आणि सेल स्टाइल्स मुंगीच्या पावलाने वाढत जातात. स्टाइल्स हजारोंनी साचल्या असतील तर त्या हाताने पुसणे शक्य नसते आणि खाली दिलेला शेवटचा मार्गच धरावा लागतो.

फाइलचा प्रकार बदलणे

जुन्या सॉफ्टवेअरमधून निघालेली एक्सएलएस प्रकारची फाइल एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह केली तरी अनेकदा आकार बराच कमी होतो. जुन्या प्रकारात एका शीटवर 65,536 ओळींची मर्यादा होती, तीही यामुळे सुटते. फाइलमध्ये मॅक्रो (ठरलेली कामे आपोआप करणाऱ्या सूचना) असतील तर एक्सएलएसएम निवडावे, अन्यथा ते नष्ट होतील. माहितीच खरोखर लाखो ओळींची असेल तर सेव्ह अॅजमधील एक्सेल बायनरी वर्कबुक, म्हणजे एक्सएलएसबी, हा प्रकार सर्वांत उपयुक्त ठरतो. तो साधारणतः लहान असतो आणि लवकर उघडतो. मात्र एक्सेलखेरीज इतर सॉफ्टवेअरला तो वाचता येईलच असे नाही, म्हणून ज्यांना फाइल पाठवायची त्यांच्याकडे ती आधी उघडून पाहावी. जीएसटीच्या ऑफलाइन टूलसारख्या सरकारी एक्सेल फाइलींचा प्रकार आणि रचना कधीही बदलू नये, त्या कितीही जड वाटल्या तरी.

सर्व करूनही आकार उतरला नाही, तर नवी कोरी फाइल घ्यावी. मूव्ह ऑर कॉपीने शीट उचलून नेल्यास जुन्या स्टाइल्स आणि नावे सोबत येतात, त्यामुळे तो मार्ग टाळावा. त्याऐवजी माहितीचा नेमका पट्टा निवडावा, नव्या फाइलमध्ये तो व्हॅल्यूज म्हणून चिकटवावा, कंट्रोल आणि टी दाबून त्याचे टेबल करावे आणि फॉर्म्युले नव्याने लिहावेत. टेबलमध्ये शेवटच्या ओळीखाली नवी नोंद केली की बॉर्डर, रंग आणि फॉर्म्युला आपोआप त्या ओळीपुरते पुढे सरकतात, त्यामुळे लाखो ओळींना आगाऊ बॉर्डर ओढून ठेवण्याचे कारणच उरत नाही. पडद्यावरच्या करड्या रेषा नको असतील तर पूर्ण शीटला पांढरा रंग भरू नये. व्ह्यू टॅबवरील ग्रिडलाइन्सची खूण काढावी.

हलकी केलेली फाइल वापरात आणण्यापूर्वी ती जुन्या प्रतीशेजारी उघडावी. दोन्हींतील ओळींची संख्या, सुताच्या किलोंची बेरीज, प्रत्येक मोठ्या पार्टीची शिल्लक आणि जीएसटीची एकूण रक्कम जुळते का हे पाहावे. कंट्रोल आणि एफ दाबून रेफ ही चूक पूर्ण वर्कबुकमध्ये शोधावी. आणि प्रिंट प्रिव्ह्यूत बिलाची पाने पूर्वीसारखीच येतात का तेही तपासावे. जुनी जड प्रत त्या वर्षाचे ऑडिट पूर्ण होईपर्यंत पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवावी आणि तिच्या नावात आर्थिक वर्ष व 'मूळ' हा शब्द लिहावा.